परवानगी: सर्वांना

फोल्डर उघडला. एवढंच झालं, पण विजयश्रीचा हात माउसवर तसाच राहिला. गुरुवारची सकाळ, पावणेदहाचा सुमार. लॅबमध्ये अजून मुलं यायची होती. प्रिंटर कुणाच्या नावानं चालतो आणि कुणाच्या नावानं अडतो ते बघायला तिनं ‘ट्रायल’ नावाचं खातं उघडलं होतं. हे खातं तिनंच कधीतरी बनवलेलं, जूनमध्ये नव्या मुलांना दाखवण्यापुरतं. त्याला कसलाही अधिकार नाही, पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या पोराइतकाच त्याचा मान. वर जाणाऱ्या बाणावर चुकून बोट पडलं, ट्रायलचा फोल्डर मागे राहिला आणि कॉलेजातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी समोर आली. तीनशे बारा नावं. यादी दिसली याचं तिला काही वाटलं नाही, नावं तर हजेरीपटावरही दिसतात. आता यातल्या कुठल्याही नावावर टिचकी मारली की मशीन सांगणार, आपल्याला परवानगी नाही. हे वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्या मुलांना ऐकवत आली होती की ते एकदा बघून घ्यावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिनं सहज टिचकी मारली आणि सुधारानी नावाच्या एका मुलीचा फोल्डर उघडला. आत जीवशास्त्राच्या आकृत्या, कुणाच्या तरी लग्नातले फोटो, ‘मम्मीस’ नावाची एक फाईल. न विचारता कुणाच्या न्हाणीत डोकावलं गेल्यावर माणूस सरतो तशी ती खुर्चीतच मागे सरली. मग दुसरं नाव उघडून बघितलं. मग तिसरं. सगळी उघडत होती.

‘घर’ हा शब्द तिनंच मुलांना दिलेला. मशीन त्याला होम म्हणतं. लॅबमागच्या लहानशा खोलीत एक मोठा संगणक रात्रंदिवस चालू असतो आणि त्याच्यात प्रत्येक मुलाच्या नावाची एक जागा असते. मूल कुठल्याही बाकावर बसो, नाव आणि परवलीचा शब्द घातला की त्याची जागा समोर येते. हे गुलबर्ग्याच्या त्या कॉलेजात खेड्यापाड्यांतून आलेल्या, कानडी, मराठी, दखनी अशा तीन भाषांत विचार करणाऱ्या पोरांना समजावताना तिनं फार अवघड शब्द कधी वापरले नाहीत. प्रत्येकाच्या खांद्यामागे उभी राहून ती म्हणायची, हे बघ, हे तुझं घर, इथं तुझ्याशिवाय कुणी यायचं न्हाई, मीसुद्धा न्हाई. मुलं मान वळवून तिच्याकडे बघायची. आठ माणसांत एका खोलीत झोपणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे यायचं ते बघायला तिला आवडायचं. दर वर्षी जूनमध्ये ती त्याची वाट बघायची, हे तिला आत्ता कळलं, आणि कळल्याबरोबर लाज वाटली. अकरा वर्षांत तिला हे दिसलं कसं नाही? तर तिच्या स्वतःच्या खात्याला सगळ्या जागा उघडतात, उघडायलाच पाहिजेत, सांभाळणारी तीच. ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असतात त्याला कुठल्या दाराला कडी नाही हे कळतच नाही. ती प्रत्येक दारातून आत जात होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की आपण किल्लीनं उघडलं.

मुलं आली. तिनं त्यांना काहीतरी टाइप करायला दिलं आणि ती खिडकीशी उभी राहिली. शेवटच्या रांगेत तुळजा बसली होती, पडद्याकडे बघत, हात मांडीवर. तिच्या शेजारची खुर्ची गेले पंधरा दिवस रिकामी होती. ती भाग्यलक्ष्मीची. ते प्रकरण विजयश्रीच्या डोळ्यांपुढं पुन्हा घडायला लागलं, पण या वेळी दुसऱ्या बाजूनं. दिवाळीनंतर तिनं वर्गाला सांगितलं होतं, आपल्या घराबद्दल एक पान टाइप करा, कुठल्याही भाषेत, खरं लिहा, वाचायला मी मागणार नाही, तुमच्या जागेत ठेवा. भाग्यलक्ष्मीनं तासभर मान वर केली नव्हती. ही मुलगी सगळ्यांना सांगायची की तिचे वडील डाळ मिलमध्ये कारकून आहेत. खरं तर लिंगाप्पा मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने रानोमाळ फिरतात, बरोबर तिची आई बाणूबाई, आणि सुट्टीत तीही. हे वर्गात एकट्या तुळजाला माहीत होतं, कारण दोघी एका खोलीत भाड्यानं राहत. महिन्याभरानं एका सकाळी भाग्यलक्ष्मी दारातून आत आली आणि मागच्या कुठल्यातरी बाकावरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. मग दुसरं. मग वर्ग हसला. कुणीतरी तिच्या ओळीच म्हणून दाखवल्या, कोकराला पोटाशी घेऊन झोपल्याच्या. तिनं सरळ जाऊन तुळजाच्या तोंडावर कंपासपेटी मारली. ओठ फुटला. तुळजा एवढंच म्हणत राहिली, “मी सांगितले न्हाई.” आणि विजयश्रीनं, जिला कधी कुणावर आवाज चढवायची गरज पडत नाही म्हणून सगळं कॉलेज नावाजतं तिनं, मोठ्या मायेनं तुळजाला जवळ घेऊन सांगितलं होतं, “चूक सगळ्यांकडून होते बाळ. कबूल केलं की माणूस हलकं होतंय.” तीन दिवस ती असं मायेनं सांगत राहिली. चौथ्या दिवशी तुळजा वर्गापुढं उभी राहिली, फुटलेल्या ओठानं माफी मागितली आणि जागेवर जाऊन बसली. भाग्यलक्ष्मी तोवर सामान घेऊन निघून गेली होती. परीक्षेचा फॉर्म भरायला आता चार दिवस उरले होते.

सगळी दारं उघडी ठेवणारी ती खूण आपण कधी केली ते तिला आठवत होतं, हे सगळ्यात वाईट. नवं मशीन आलं तेव्हा बसवणारा माणूस हैदराबादहून आला होता आणि त्याला संध्याकाळची गाडी धरायची होती. त्यानं तार जोडली, बाकीचं तुम्ही करा म्हणाला. तिनं पुस्तक मांडीवर घेऊन एकेक पायरी केली. फोल्डर तयार केला, तो जाळ्यावर सगळ्या संगणकांना दिसेल असा केला, तेव्हा मशीननं आपणहून एक चौकट पुढं धरली. परवानगी कुणाला? आणि उत्तरही आपणहून भरून ठेवलं होतं: सर्वांना. तो शब्द तिनं वाचला होता. वाचून तिला बरंही वाटलं होतं. या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्यांचा टेबलावर एकच ढीग असतो. तपासून झाल्या की मुलं येतात, ढिगात हात घालतात, आपापली वही काढून घेतात. दुसऱ्याची वही हातात आली तर न बघता परत ठेवतात, किंवा ज्याची त्याला नेऊन देतात. तिच्या डोळ्यांपुढं तो ढीग होता. सर्वांना म्हणजे आपल्या मुलांना, आणि मुलं आपापलंच घेतात. मग तिनं नावाच्या शेवटी एक चिन्ह लावलं, त्यानं तो फोल्डर सहज कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि तेवढ्यावर ती निश्चिंत झाली. झाकलेलं आणि बंद केलेलं यांतला फरक ती मुलांना दुसऱ्या सत्रात शिकवते. त्यानंतर जे जे नाव त्या फोल्डरात जन्मलं ते वरच्याची परवानगी घेऊनच जन्मलं. कुणी वाईट केलं नव्हतं. मशीननं जे ताटात वाढलं ते तिनं मुकाट्यानं खाल्लं होतं.

आणि इथं, खिडकीशी, मुलांच्या बोटांचा पावसासारखा आवाज ऐकत असताना तिला पंचशीला आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा ती तिथंच होती आणि विजयश्रीनं तिच्याकडे पाठ केली होती. याच शहरात, स्टेशनजवळच्या मुलींच्या वसतिगृहात, विजयश्री एकोणीस वर्षांची. हैदराबादच्या कंप्युटर कोर्सला निवड झाल्याचं पत्र तिनं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं होतं. फक्त पंचशीलाला माहीत होतं; अर्ज टाकायला पोस्टात तीच बरोबर आली होती. तिसऱ्या दिवशी अंकुशराव, तिचे वडील, भाड्याची जीप घेऊन आले. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, सामान बांध. फाटकाशी पंचशीला उभी होती. ती म्हणाली, मी न्हाई सांगितले विजू. विजयश्रीनं तिच्या अंगावरून नजर नेली आणि जीपमध्ये बसली. लग्न झालं, दोन लेकरं झाली, तो कोर्स तिनं दहा वर्षांनी याच शहरात संध्याकाळच्या वर्गात केला, आणि या सगळ्या काळात पंचशीलाचा राग तिनं एखाद्या दागिन्यासारखा जपला. आता तिला वसतिगृहाच्या अक्कम्माची खोली दिसली. अक्कम्मा मायाळू बाई, मुलींना जास्तीची भाकरी वाढायची, दर महिन्याला प्रत्येकीच्या वडिलांना स्वतःच्या अक्षरात पत्र लिहायची. तिच्या दारामागे खिळ्याला एक लोखंडी कडं होतं. वसतिगृहात आल्या दिवशी प्रत्येक मुलीनं आपल्या ट्रंकेच्या दोन किल्ल्यांतली एक तिच्याकडे द्यायची, चिठ्ठी बांधून. हरवली तर असावी म्हणून. विजयश्रीनं स्वतःच चिठ्ठीवर लिहिलं होतं, नाव आणि खोली नंबर सात. तिनं ते कडं तीन वर्षं रोज बघितलं होतं. माहीत नव्हतं असं नाही. पण अक्कम्मावर संशय घ्यायचा तर त्या कड्यावर, त्या रीतीवर, ती मुकाट पाळणाऱ्या स्वतःवरही घ्यावा लागला असता. पंचशीलावर घेणं सोपं होतं. घरी पहिल्यापासून म्हणायचे, त्या वस्तीतल्या पोरीच्या नादी लागू नको, आणि ती उलट भांडायची. तरी वेळ आली तेव्हा तिनं घरच्यांचंच ऐकलं. किती पटकन ऐकलं. एक दिवससुद्धा लागला नाही. तुळजाच्या वेळी तीन दिवस लागले, एवढाच काय तो फरक.

दुपारी तिनं लॅब बंद ठेवली. वरच्या मुख्य फोल्डरवरची ‘सर्वांना’ ही खूण काढली, वरून खाली झिरपणारी परवानगी तोडली, आणि मग एकेका जागेवर जाऊन ज्याची त्याला ती दिली. हे सगळं एका आज्ञेत करता येतं हे तिला माहीत होतं, पण तिनं हातानं केलं. तीनशे बारा वेळा. नाव वाचायचं, बाकीच्यांना काढायचं, त्या एकाला ठेवायचं. दीपमाला. मल्लेश. योगीराज. कधी कधी नावासरशी चेहरा यायचा, गेल्याच वर्षी बारावी होऊन गेलेल्यांचेही. भाग्यलक्ष्मीच्या जागेवर ती थांबली. ‘आमचं घर’ नावाची फाईल तिथं होती. तिच्या खात्याला ती उघडली असती. तिनं परवानगीची चौकट तेवढी उघडली, काम केलं आणि पुढच्या नावावर गेली. शेवटी, यापुढे जन्मणारी जागा बंदच जन्मेल अशी तजवीज केली आणि पुन्हा ट्रायल होऊन आत शिरली. आता यादीत एकच नाव दिसलं, स्वतःचं. दुसऱ्याचा पत्ता हातानं लिहून बघितला तर मशीन म्हणालं, आपल्याला परवानगी नाही. पाच वाजले होते. बाहेर शिपाई खराट्यानं पटांगण झाडत होता. काही बदललं नव्हतं. कुणाला कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. हे किती सोपं आहे याचीच तिला भीती वाटली.

प्राचार्य शिवप्रसाद सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं, आणि विचारलं, “बंद झालं न्हवं अक्का? मग आता सांगून कुणाचं भलं व्हायलंय?” पालकांना कळलं तर व्यवस्थापनाला कळवावं लागेल, आणि तिचा करार एप्रिलमध्ये संपतोय, हे त्यांनी धमकी म्हणून नव्हे, काळजीनं सांगितलं. घरी येईपर्यंत तिला त्यांचं म्हणणं जवळजवळ पटलं होतं. ती पोळ्या लाटत राहिली. पटतच होतं, फक्त मध्येच फाटकाशी उभी असलेली एक मुलगी, हात लोंबते सोडून, आपलं म्हणणं एकदाच सांगून गप्प झालेली. तिचं वय वाढलंच नव्हतं.

शुक्रवारी पहिल्या तासाआधी तिनं तुळजाला जिन्यापाशी गाठलं आणि सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न गाळता. तुळजानं डबा पिशवीत ठेवला. ओठावरची खपली गेली होती, तिथं फिकट रेघ होती.

“मग मी मागितली ती माफी?”

“तिचं काय, बाळ?”

“ती मला परत पायजे. सगळ्यांपुढं मागितली होती. तुमी सगळ्यांपुढं परत द्या.”

विजयश्रीनं आयुष्यभर मुलांना बेरीज-वजाबाकीपासून शिकवलं होतं, पण इतकं चोख उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. तासाला ती फळ्याजवळ उभी राहिली आणि सांगितलं की तुळजानं काहीही केलेलं नाही, भाग्यलक्ष्मीचं पान वर्गातल्या कुणालाही वाचता येत होतं, कारण अकरा वर्षांपूर्वी मी दार लावलं नाही, आणि वरून तुमच्याशी खोटं बोलले. तुळजाला जी माफी मागायला लावली ती माझी होती. ती मी आता मागते. कुणी वाचलं हे तिनं विचारलं नाही. मधल्या रांगेत दोन माना खाली गेल्या आणि एक पोरगा हळूच म्हणाला, “मॅडम, मग आमचंबी उघडंच होतं की.” “सगळ्यांचं,” ती म्हणाली. मग वर्ग इतका शांत झाला की प्रत्येक जण आपल्या जागेत आत जाऊन काय काय ठेवलंय ते बघतोय हे तिला जवळजवळ ऐकू आलं. तुळजानं पहिल्यांदाच हात टेबलावर ठेवले.

दुपारच्या आळंदच्या बसनं विजयश्री कडगंची गावाच्या पुढं उतरली. तुळजानं सांगितलं होतं, तुरी निघालेल्या रानात मेंढरं बसलेली असतात, वासावरून सापडतील. सापडली. जाळीच्या कुंपणात कोकरं, तीन दगडांची चूल, निळ्या ताडपत्रीची सावली. बाणूबाईनं तिला बसायला घोंगडं टाकलं आणि पोरीला हाक मारली. लिंगाप्पा मोठी मेंढरं घेऊन लांब होते. भाग्यलक्ष्मी आली ती ओढणी कमरेला खोचून, हातात दुधाची बाटली, बाटलीला लागलेलं एक कोकरू. वर्गातल्यापेक्षा ती इथं उंच दिसत होती. विजयश्रीनं तिलाही सगळं तसंच सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपला आवाज शिकवताना होतो तसा गोड होतोय, आणि तिनं तो जाणूनबुजून सोडून दिला.

“कोण वाचलं?”

“माहीत न्हाई. नोंद ठेवायची सोय होती, तीबी मी चालू केली नव्हती.”

“तुमी वाचलात?”

“न्हाई.”

“पर तुमाला वाचता येतंय.”

“व्हय. येतंय.”

मुलीच्या नाकपुड्या फुलल्या. “तुमीच म्हणलात न्हवं, हे तुझं घर? म्हणून मी लिवले. न्हाईतर कामून लिवले असते मी?” आणि मग ती बोलत सुटली, आईसमोर, मराठी संपली की कानडीत, की तुळजाच्या तोंडावर मारलं, तिच्या रक्ताचा डाग अजून दप्तरावर आहे, दोन वर्षं एका ताटात जेवलो, आणि मॅडम शेजारी उभ्या राहून म्हणत होत्या कबूल कर. बाणूबाई घाबरून म्हणाली, मास्तरणीला असं बोलत्यात व्हय गं. विजयश्रीनं तिला हातानं थांबवलं. शब्द अंगावर येत होते आणि ती त्यांना जागा देत होती. हा राग पंधरा दिवस चुकीच्या माणसाच्या घरी राहून आला होता. तो आपल्या दारी आलेला तिला बरा वाटला. सुखाचा नव्हे, पण बरा. कुणी तरी तेहतीस वर्षांपूर्वी असं वाळक्या रानात येऊन तिला सांगायला हवं होतं. अक्कम्मा येणं शक्य नव्हतं. मग तिनं स्वतः तरी पंचशीलाकडे जायला हवं होतं. ते मात्र शक्य होतं, रोज.

भाग्यलक्ष्मी थांबली. तिच्या हातातल्या बाटलीतलं दूध संपलं होतं आणि कोकरू रिकामंच ओढत होतं.

“तुळजाला सांगितलात?”

“आधी तिलाच. मग वर्गात.”

“काय म्हणाली?”

विजयश्री सांगणार होती. जिना, डबा, परत मागितलेली माफी, सगळं ओठाशी आलं होतं. पण ते तुळजाचं होतं. “तिलाच विचार की,” ती म्हणाली, आणि पर्समधून फोन काढून, त्याचं कुलूप उघडून तिच्यापुढं धरला. नंबर मुलीला पाठ होता. दोन आकडे दाबून ती थांबली, आईकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि फोन छातीशी धरून तुरीच्या खुंटांतून लांब चालत गेली, बांधावरच्या बाभळीच्याही पलीकडे. तिथं ती पाठमोरी उभी राहिली. वारा तिकडून इकडेच येत होता. एखाददुसरा शब्द यायला लागला.

बाणूबाई मान उंच करून कानोसा घ्यायला लागली. “कोनासंगं बोलायलीय? काय म्हनतीय ती?”

“आपल्याला काय करायचंय, बाणूबाई,” विजयश्री म्हणाली, आणि घोंगडं उचलून कोकरांच्या पलीकडे, जिथं काही ऐकू येणार नाही अशा जागी नेऊन टाकलं. “या, इकडं बसू. हे एवढंसं कोकरू किती दिसांचं हो?”